आठ दिवसांसाठी नेलेला रंधा

मी रंधा बोलतोय. लाकूड तासून गुळगुळीत करणारा, सुताराच्या हातातला रंधा. आधीच सांगून टाकतो, मी काही सगळ्यांना आशीर्वाद देणारा शांत म्हातारा नाही. एका माणसाचा मला राग आहे आणि तो मी नीट सांभाळून ठेवलाय. ऐकायचं असेल तर ऐका.

माझं पोलादी पातं दुकानातून आलं, पण माझं अंग माझ्या मालकाने स्वतः घडवलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मोडक्या पलंगाच्या खुरातून त्याने मला कोरून काढलं. पुढे चाळीस वर्षं त्याच्या तळव्याने मला इतकं घासलं, की माझ्या मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथे बसत नाही. त्याचा हात तिथे पडला, की आम्हाला दोघांना कळायचं, आता कामाला लागायचं.

इमारतीतले सगळे त्याला काका म्हणत. तळमजल्यावर त्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. दारं, टेबलं, शाळेची बाकं, किती लाकडं आम्ही सरळ केली त्याची मोजदाद नाही. काम झालं की काका हाताची मागची बाजू लाकडावरून फिरवायचा. "तळवा खोटं बोलतो, त्याला घट्टे पडलेले असतात," असं म्हणायचा. काकू मागून झाडू घेऊन येत आणि म्हणत, "लाकडाला जेवढं कुरवाळता, त्याच्या निम्मं आमच्याकडे बघितलं असतं तर." काका हसायचा नाही, पण त्याचे कान लाल व्हायचे.

मग तिसऱ्या मजल्यावर इंजिनियर राहायला आला.

सॉफ्टवेअरमधला माणूस. हुशार होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. दिवसभर संगणकासमोर बसायचा आणि संध्याकाळी छंदांच्या मागे धावायचा. एका रविवारी तो आमच्या दाराशी उभा राहिला आणि तासभर नुसता बघत राहिला. नंतर म्हणाला, "काका, आमचं काम असं हाताला लागत नाही हो. वर्षभर राबतो आणि शेवटी बोट ठेवून हे मी केलं म्हणावं, असं काही नसतंच."

काका विरघळला. त्याचा मुलगा बँकेत लागला होता, हत्यारांना हात लावायला कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षांत ज्याने आपलं हत्यार कुणाला दिलं नाही, त्याने त्या दिवशी मला उचलून इंजिनियरच्या हातात ठेवलं.

"आठ दिवसांत परत देतो, काका."

"सावकाश दे. पण ओल लागू देऊ नकोस."

वरच्या मजल्यावर एक आख्खी खोली छंदांसाठी होती. तिथेच तो घरून कामही करायचा. मी फळीवरून आजूबाजूला पाहिलं आणि मला कळून चुकलं, आपण कुठे येऊन पडलोय ते. तारा सुटलेली गिटार. पाव भाजायच्या साच्यांचा ढीग. रंग वाळून दगड झालेल्या नळ्या. उड्या मारून फिट राहण्यासाठी आणलेली दोरी, वेष्टनासकट. त्यातल्या त्यात दुर्बीण जरा मानाने उभी होती, कारण तिच्याशी त्याचं खरंच दोन वर्षं जमलं होतं.

पहिल्या दिवशी त्याने माझे फोटो काढले. नवा एप्रन घातला. चौथ्या दिवशी माझं पातं गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलं आणि जोर लावला. लाकूड फाटलं, पातं घट्ट धरणाऱ्या माझ्या पाचरीचा टवका उडाला. "छे, याला फार वेळ लागतो," म्हणून त्याने मला फळीवर ठेवलं. नंतरच्या आठवड्यात खोलीत माशांची पेटी आली. ती नेमकी माझ्याखाली. पाणी बदलताना तो शिंतोडे उडवायचा. माझ्या पात्याला पहिला गंज चढला तो तेव्हा.

काकाने मला तीनदा मागितलं. पहिल्यांदा जिन्यात. "शोधून देतो, काका," इंजिनियर म्हणाला. मी डोळ्यांसमोर होतो, शोधायचं काय होतं? दुसऱ्यांदा फोनवर. "या आठवड्यात नक्की."

तिसऱ्यांदा काका स्वतः तीन जिने चढून आला. काकूंचे गुडघे गेले होते. खाली बसलं की त्यांना उठता येत नव्हतं. त्यांच्यासाठी तो उंच बैठकीची, रुंद हातांची खुर्ची करत होता. सांगाडा तयार होता, फक्त तासायचं राहिलं होतं. घरात इंजिनियरच्या ऑफिसातली पाचसहा माणसं गप्पा मारत बसली होती. काका दारातच उभा राहिला.

"रंधा हवा होता. खुर्ची अडलीय."

इंजिनियर पाहुण्यांकडे बघून हसला. "काका, एका जुन्या रंध्यासाठी एवढं चढून आलात? नवीन घेऊन देतो ना मी तुम्हाला. याच्यापेक्षा भारी."

पाहुणेही हसले. काका मागे वळला. जिना उतरताना त्याची पावलं मला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, याची परतफेड झाल्याशिवाय मला गंजून मरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा रंधा खोक्यातून तळमजल्यावर गेला आणि संध्याकाळी तसाच न उघडता वर आला. काकाचा हट्ट होता, हे मी नाकारत नाही. नव्या रंध्याने ती खुर्ची झाली असती. पण अपमान गिळून हातात घेतलेलं हत्यार सरळ चालत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

अशी तीन वर्षं गेली. इंजिनियरचे छंद येत गेले, जात गेले. मग त्याच्यावरच पाळी आली.

दुर्बिणीच्या नादात त्याने घरी एक प्रोग्राम लिहिला होता. आकाशाच्या फोटोत जे तारे डोळ्यांना दिसत नाहीत, ते तो शोधून काढायचा. त्याच्या कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांचे फोटो तपासून तडे शोधायचं काम होतं. तारा काय आणि तडा काय, प्रोग्रामला दोन्ही सारखेच. साहेब म्हणाले, "जरा बघायला दे, आठवड्यात परत देतो." तीन महिन्यांनी तोच प्रोग्राम कंपनीत वाजतगाजत बाहेर आला. साहेबांच्या नावाने.

तेव्हा त्या खोलीत त्याने घातलेल्या येरझाऱ्या मी पाहिल्यात. जेवण जाईना, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी फळीवरून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

त्याने सूड उगवला, तोही शांतपणे. प्रोग्रामला एक खोड होती. तिरपा उजेड पडला की तो सावलीलाच तडा समजायचा. ही खोड फक्त इंजिनियरलाच माहीत होती. मोठ्या गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक होतं, तिथे उजेड तिरपा पडत होता आणि याने तोंड उघडलं नाही. चांगल्या भागांवर तडे दिसू लागले. गिऱ्हाइकाने कारण विचारलं, तसे साहेब याच्याकडे वळले. हा म्हणाला, "साहेबांनाच विचारा. त्यांनीच लिहिलंय ना."

काम हातचं गेलं. साहेबांना घरी बसावं लागलं. त्या दुपारी हा शीळ घालत खोलीत आला आणि बायकोला सगळं रंगवून सांगू लागला. त्याची बायको शाळेत गणित शिकवते. तिने वह्या तपासता तपासता सगळं ऐकून घेतलं.

"दुसऱ्याची वस्तू आठवड्यासाठी म्हणून न्यायची आणि दाबून बसायचं. त्यांना अद्दल घडायलाच हवी होती," तो म्हणाला.

तिने लाल पेन खाली ठेवलं आणि फळीकडे बोट केलं. "मग तुला कधी घडायची?"

तो माझ्याकडे वळला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला नीट पाहिलं. माझ्या पात्यावर तांबडी पुटं चढली होती, पाचर तुटलेली, अंगावर माशांच्या पाण्याचे पांढरे डाग.

"काकू गेल्या तेव्हा तू भेटायला गेला होतास," ती म्हणाली. "ती खुर्ची पाहिलीस ना? तशीच होती."

हो, काकू गेल्या होत्या. मलाही ते फळीवरच कळलं होतं. त्या दिवशी तो एकटाच खाली गेला आणि अर्ध्या तासात परत आला. मला बरोबर न्यायचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता मात्र त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि जिने उतरला. काकाने दार उघडलं. तो वाकला होता, बारीक झाला होता. मला उलटंपालटं करून पाहिलं आणि परत इंजिनियरच्या हातात दिलं.

"हा माझा नाही. माझा लखलखीत होता. तसा करून आण."

त्या दिवसापासून आमचा खरा सूड सुरू झाला. आमचा म्हणजे माझा आणि काकाचा. इंजिनियर दगडावर तेल टाकून पातं घासायचा, घेऊन खाली यायचा. काका धारेवर नखाचं टोक ठेवायचा. "नाही." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "नाही. कोन चुकलाय." त्याच्या बोटांना चिरा पडल्या, त्यातल्या दोन मी पाडल्या आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. गिटार त्याने महिन्यात टाकली होती, पाव तीन आठवड्यांत. मला वाटलं, हेही टाकेल. त्याने टाकलं नाही. नवी पाचर कोरताना पाच लाकडं वाया घालवली, सहाव्या लाकडाची बसली. सतरा वेळा तो खाली आला.

सतराव्या वेळी काकाने माझ्या पात्याने मनगटावरचे चार केस उडवून पाहिले. मग मला टेबलावर ठेवलं. "आत ये," म्हणाला.

खुर्ची मागच्या खोलीत होती. काकू दोन वर्षं तशाच खडबडीत खुर्चीत बसल्या होत्या, बैठकीवर गोधडीची घडी टाकून. काकाने माझी मूठ धरली. अंगठा आपल्या खड्ड्यात बसला. पण हात थरथरत होता. पूर्वी नव्हता थरथरत. तीन वर्षांत तो हातही गेला होता.

त्याने मला खुर्चीच्या उजव्या हातावर टेकवलं आणि थांबला. लाकडाच्या एका कुसळात निळा धागा अडकला होता. काकूंच्या बाहीचा.  काकाने मला हळूच उचललं.

"हा राहू दे असाच," तो म्हणाला. "डावा तू कर. माझा हात नाही चालणार."

आणि त्याने मला इंजिनियरच्या हातात दिलं.

एवढ्या वर्षांनी तो माझ्या तावडीत सापडला होता. लाकडाची नस, म्हणजे आतल्या रेषांची दिशा, उलटी होती. मी जरा अडलो असतो, तर लाकूड फाटून काकासमोर त्याची फजिती झाली असती. मनात आलंही. पण खुर्ची काकूंची होती. मी सरळ चाललो. लांबच लांब, कागदासारखी पातळ ढलपी निघाली. इंजिनियरने हात थांबवून मागची बाजू लाकडावरून फिरवली.  काका खुर्चीच्या उजव्या हाताच्या बाजूला, त्या धाग्यापाशी उभा होता.

मी आता तळमजल्यावरच असतो. इंजिनियर रविवारी येतो. खोक्यातला तो नवा रंधा स्वतःचा स्वतः घेऊन येतो. मला हात लावायचा झाला तर आधी विचारतो. काका कधी हो म्हणतो, कधी ऐकू न आल्यासारखं करतो.

माझा राग गेला का? नाही. मला धार परत मिळाली, पाचरही मिळाली. पण काकूंना मऊ लाकडावर हात ठेवून एकदाही बसता आलं नाही. ते कुठल्या दगडावर घासून परत आणायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे कुणाची वस्तू पडून असेल, तर आज उठा आणि देऊन या. तिची गरज ज्याला आहे, तो माणूस अजून त्या घरात आहे, तोवरच.