पहिल्या लाभार्थीचा सत्कार

अमडापूरच्या त्या कॉलेजात सत्काराशिवाय काहीच सुरू होत नाही. झाड लावलं की झाडाला पाणी मिळायच्या आधी लावणाऱ्याला हार मिळतो. बोअरला पाणी लागलं तेव्हा बोअरवाल्याचा सत्कार झाला, आणि उन्हाळ्यात ते आटलं तेव्हा टँकरवाल्याचा. त्यामुळे 'युवती साहाय्य व समुपदेशन कक्ष' सुरू झाला, तेव्हा प्राचार्य रमाकांत सरांना जे सुचलं त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही.

"या कक्षाचा लाभ घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनीचा," उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, "साडी, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन जाहीर सत्कार करण्यात येईल. पेपरात फोटोही देऊ."

टाळ्या पडल्या. व्यासपीठावरच्या निवेदिता मॅडमनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्या समुपदेशक, दर बुधवारी बुलढाण्याहून यायच्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, इथे कोण येतं ते बाहेर कळता कामा नये."

"हाव ना मॅडम," सर समजूतदारपणे म्हणाले. "कारण आपण सांगायचंच नाही. फक्त नाव आणि फोटो."

कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली, प्राचार्यांच्या केबिनच्या बरोब्बर समोर. मुलींना सुरक्षित वाटावं म्हणून दाराशी शिपाई इंद्रभानचं स्टूल ठेवलं होतं. फलकावर संपर्क क्रमांक होता, तो ऑफिसचा. फोन इंद्रभानच उचलायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "कोणाची पोरगी?"

कुणीही आलं नाही. मॅडम बुधवारी यायच्या, खिडकी उघडायच्या, पुस्तक वाचायच्या, खिडकी लावून जायच्या. सरांच्या कपाटात साडी होती, नारळ होता. कॉलेजची तपासणी करणारी समिती येऊ घातली होती आणि नारळातलं पाणी वाजेनासं झालं होतं.

कँटीनमध्ये मात्र दुसरा विषय नव्हता.

"कोण जाईन बे पहिली?"

"जिले साडी पाह्यजे थे."

"तुह्या बहिणीले पाठव ना मंग."

यावर बोलणाऱ्याने चहा टाकून कॉलर धरली, म्हणजे कक्षाबद्दलचं जनमत काय ते स्पष्ट झालं.

त्या दाराकडे सगळ्यात जास्त पाहायची ती प्रतीक्षा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, शेजारच्या गावाहून एसटीने यायची. वडील उकंडराव वांगी-मिरची पिकवायचे आणि पोरगी शिकते म्हणून बाजारात चार लोकांना सांगायचे. कुणा अनोळखी इसमाने तिचा चेहरा दुसऱ्याच एका नको तसल्या फोटोवर चिकटवला होता. 'माझ्याशी बोल, नाहीतर हा तुझ्या बापाच्या मोबाइलवर टाकतो,' असं तो रोज लिहायचा. तिच्या चुलत बहिणीला मागे असेच नुसते फोन यायचे. फोन करणाऱ्याचं काय झालं कुणी विचारलं नाही. बहिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगात तिचा जोडीदार ऋत्विक. ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचं द्रावण तिने धारेने सोडलं, आणि पुन्हा तसंच सोडलं, तेव्हा त्याने तोटी बंद केली.

"काय झालं वं?"

"कोणाले सांगशीन तं पाय."

तिने सांगितलं. त्याने गुलाबी झालेला फ्लास्क बेसिनमध्ये ओतला.

"मंग मॅडमकडे जाय ना."

"आन् साडी घेऊन घरी जाऊ? बाबा इचारतीन ना, कायची मदत घेतली म्हून."

ऋत्विकने डोकं खाजवलं. "मंग थो सत्कार मी घेतो."

"येड लागलं का? पोरींचा हाय थो."

"ऐक तं. मी पाच मिनटं आत बसतो. सत्कार होईन तवा सारं कॉलेज हॉलमधी राहीन. पोराले साडी भेटते म्हटल्यावर कोण बाहेर थांबते? मॅडमले आतच थांबा म्हणतो, तू तवा जाय."

"आन् आत काय सांगशीन?"

"झोप नाही लागत म्हणतो. त्यात काय."

पुढच्या बुधवारी तो गेला. इंद्रभान स्टुलावरून उठलाच.

"अबे ऋत्विक, काऊन चालला तिकडं? थो लेडीज कक्ष हाय!"

"येऊ द्या त्याला," आतून मॅडमचा आवाज आला.

दार लागलं. पाच मिनिटं झाली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. सुट्टी संपल्याची झाली. इंद्रभानने स्टूल दाराकडे सरकवलं, मग अजून सरकवलं, मग न मागितलेला चहा नेऊन पाहिला. तो मॅडमनी दारातच घेतला. प्रयोगशाळेच्या खिडकीत प्रतीक्षा उभी होती. ऋत्विक बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"अगरबत्तीचा धूर हाय आत," तो इंद्रभानला म्हणाला. आत अगरबत्ती नव्हती.

नळावर तो तोंड धूत असताना प्रतीक्षाने गाठलं. "पाच मिनटं म्हणला होता ना?"

"हाव."

"एवढं काय बोलला?"

"झोपेचंच," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड धुवायला लागला.

स्टाफरूममध्ये वाद पेटला. युवती कक्षाचा पहिला लाभार्थी युवक असू शकतो का, यावर दोन प्राध्यापकांचं बोलणं बंद झालं. शेवटी रमाकांत सरांनी नारळ कानाशी हलवून पाहिला आणि मॅडमना विचारलं, "लाभ तर त्यानं घेतला ना?"

"ते तुम्ही त्यालाच विचारा, सर."

त्यालाच विचारलं. तो म्हणाला, घेतला.

"मंग मिटलं. साडी मातोश्रींना. मॅडम, बुधवारी तुम्ही व्यासपीठावर."

"मी कक्षातच बसेन. ती माझी वेळ आहे."

बुधवारी हॉल असा भरला, जसा गॅदरिंगलाही भरत नाही. कँटीन बंद झालं. इंद्रभानने स्टूल उचललं आणि हॉलच्या दारात नेऊन त्यावर उभा राहिला. ऐकण्याचं पुण्य कुणाचं चुकू नये म्हणून सरांनी एक भोंगा व्हरांड्यातही लावला होता. तो रिकाम्या व्हरांड्याला भाषण ऐकवत होता.

प्रतीक्षा त्या व्हरांड्यातून चालत गेली आणि आत शिरली.

"बस," मॅडम म्हणाल्या. "पाणी घे."

"घरी सांगान का?"

"तुझ्या परवानगीशिवाय नाही."

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. बाहेर भोंग्यातून हशा, शिट्ट्या, मग टाळ्या ऐकू आल्या. साडी बहुधा दिली गेली होती. 'सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत' अशी विनंती झाली.

"सर्वप्रथम," ऋत्विकचा आवाज आला, "ज्यांनी हा कक्ष काढला त्या प्राचार्य सरांचे आभार. मंग ज्यांनी दाराले रंग देला त्यांचे. ज्यांनी कुलूप आणलं त्यांचे…"

मॅडम मेसेज वाचत होत्या. "यातलं एकही पुसू नकोस. हाच पुरावा आहे. बुलढाण्याला सायबर पोलिसांकडे तक्रार होते. मी सोबत येते. आणि घरी कुणाला, कधी सांगायचं, ते तू ठरवायचं."

"फोटो खोटा हाय, मॅडम."

"खरा असता तरी मी हेच सांगितलं असतं."

प्रतीक्षाने वर पाहिलं. असं कुणी म्हणेल याची तिने तयारीच केली नव्हती.

भोंग्यात ऋत्विक सायन्सच्या विभागांपर्यंत पोचला होता. हॉल कुजबुजायला लागला होता. मग तो थांबला.

"मी आत पाच मिनटं बसायले गेलो होतो," तो म्हणाला. "पाच मिनटांत झालं नाही. बाकी काही सांगत नाही. पण पोरांनीबी जायले हरकत नाही. खुर्ची चांगली हाय."

कुणी शिट्टी मारली नाही. व्हरांड्यात भोंग्याची नुसती घरघर ऐकू येत होती.

"काय बोलला असंन थो?" प्रतीक्षाने न राहवून विचारलं.

मॅडम फक्त हसल्या. त्यांचं ते हसणं पाहूनच प्रतीक्षाला कळलं, की आपलंही इथून कुठे जाणार नाही.

"आईले सांगते," ती म्हणाली. "पण इथं आणून, तुमच्यासमोर. घरी सांगलं तं लग्नाचंच बोलणं होईन."

"पुढच्या बुधवारी?"

"हाव. पण मले कॉलेज नाही सोडायचं, हे तुम्ही पहिले बोलजा. बाकी मी बोलते." तिने मोबाइल उचलला. मग वही काढून तिने तक्रारीत काय काय लिहायचं ते विचारायला सुरुवात केली.

"शेवटी," भोंग्यात ऋत्विक म्हणाला.

मॅडमनी दाराकडे पाहिलं. "तो संपवतोय वाटतं. हॉल सुटायच्या आत निघ."

"तुम्ही सांगा सावकाश," प्रतीक्षा पेन उघडत म्हणाली. "अजून शिपायांचे आभार बाकी हाय."