ओळख न दाखवण्याची अट

बोर्ली पंचतनच्या दवाखान्यात वेड्यांची डॉक्टरीण आली, ही बातमी दोन दिवसांत बाजारभर झाली. दीक्षा औषधं देत नाही, माणसाशी बोलून त्याचं मन हलकं करते, हे सांगून सांगून तिचा घसा सुकला. शाळेचे मास्तर म्हणाले, "बाईमाणसाला बरंय, नुसतं बोलायचं काम." ट्रकवाला धनेश दारातूनच परतला, "पुरुष डॉक्टर न्हाय का?" मासळीवाल्या तर ती दिसली की गप्पच होत. ही म्हणे चेहरा बघून मनातलं वाचते. काय वाचणार, कपाळ! तिला ताजा बांगडासुद्धा ओळखता येत नव्हता.

मग लोक येऊ लागले, मागच्या दाराने. पहिले आले ते तेच मास्तर, आणि पाठोपाठ धनेश. निघताना प्रत्येकाची एकच अट असे, बाहेर ओळख दाखवायची नाही. दीक्षाने ती इमानाने पाळली. महिने गेले तशी तिची माणसं वाढली आणि बाजारात तिला बघून मान वळवणारेही वाढले.

राहिली एकटी घरमालकीण इंदूबाई. रोज सकाळी ओट्यावरून तिची हाक येई, "ए दीक्षा, चा घे गो!" अख्ख्या गावात तिला नावाने हाक मारणारं हे एवढंच माणूस होतं. त्या हाकेवर दीक्षा दिवस काढी.

एका गुरुवारी मागचं दार वाजलं. इंदूबाई केसपेपर घेऊन उभी होती.

"वादळात छप्पर गेलं ना, तवापासून वारा सुटला की छातीत धडधडतं. कौलं मोजत बसते मी."

"मला ओट्यावर का नाही सांगितलंत?"

"तिथं शेजारीण कान देऊन असते." इंदूबाईने पदर सारखा केला. "उद्यापासून चा नको. तुमच्यासंगती बसले तर लोक म्हणतील, इंदूचं डोकं फिरलं. चालंल ना, मॅडम?"

दीक्षाला 'नाही चालणार' म्हणायचं होतं. पण पार म्हसळा गावापर्यंत इंदूबाईचं असं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. "बसा. वारा सुटतो तेव्हा पहिल्यांदा काय होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई ओट्यावर एकटीच बशीतून चहा पीत होती. दीक्षाने दाराला कुलूप लावलं, आणि अटीप्रमाणे तिच्याकडे न बघता समोरून निघून गेली.