पुइसेच्या किनाऱ्यावरची बोलणी

माझे बाबा, एल्मार हावासू, भित्रे होते. तार्तूला कायदा शिकले, संसदेत निवडून आले, पुढे शेजारच्या लाटव्हियात, रीगामध्ये, एस्टोनियाचे राजदूत झाले; पण प्रत्येक भाषणाआधी त्यांना उलटी व्हायची. आई बादली घेऊन दाराशी उभी असायची.

चाळीस साली रशियन आले. बाबांची नोकरी गेली, देशही गेला. पुढच्या जूनमध्ये आम्हाला सायबेरियाला न्यायला टॅलिनच्या घरी रशियनांचा ट्रक आला, तेव्हा आम्ही मामाच्या शेतावर होतो, म्हणून वाचलो. मग जर्मन आले. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात ते पळू लागले आणि रशियन पुन्हा जवळ आले.

"सालमे," बाबा आईला म्हणाले, "दर वेळी काही आपण तुझ्या भावाकडे नसणार."

पुइसेच्या किनाऱ्यावर प्रीडिक नावाचा कोळी आम्हाला स्वीडनला न्यायला तयार झाला. सकाळी धुकं होतं. होडीत बसताना त्याने बाबांना निरखलं.

"तुम्ही ते पेपरात यायचे तेच ना? टोपी खाली ओढा, साहेब. तुमच्या थोबाडापायी आम्ही सगळे मरू."

तेवढ्यात लव्हाळ्यातून एक जर्मन शिपाई बाहेर आला. बंदूक आमच्यावर रोखलेली.

"संपलं," प्रीडिक पुटपुटला. आईने माझं तोंड आपल्या कोटात दाबलं. मी एका डोळ्याने बघत होते. बाबा होडीतून पाण्यात उतरले. त्यांचे पाय इतके थरथरत होते की भोवतालचं पाणी हलत होतं.

"मला फार भीती वाटतेय," ते जर्मनमध्ये म्हणाले. "चापावरचं बोट काढलंत तर नीट बोलता येईल."

शिपाई दाढी वाढलेला, चाळिशीचा होता. "कुठे चाललात?"

"स्वीडनला."

"अहो, खरं कशाला सांगताय!" प्रीडिक दात खात म्हणाला.

"मलाही न्या," शिपाई म्हणाला. "नाहीतर गोळी झाडतो. आवाजाने सगळी गस्त इथे येईल."

"न्या म्हणे! भर समुद्रात हाच आपल्याला बाहेर फेकेल," प्रीडिक आमच्या भाषेत म्हणाला.

बाबा शिपायाकडे वळले. "बंदूक पाण्यात टाका आणि या."

"टाकली आणि तुम्ही मला सोडून गेलात तर?"

बाबांनी होडीकडे बोट दाखवलं. "मी तुमच्याजवळ येऊन उभा राहतो. माझी बायको आणि मुलगी होडीत आहेत. त्यांना सोडून मी कुठे जाणार? आपण एकदमच चढू."

"एल्मार, नको हो!" आई ओरडली.

बाबा गेलेच. त्यांनी हात पुढे केला. दूर तोफा धडधडल्या. शिपायाने एकदा मागे पाहिलं आणि बंदूक पाण्यात भिरकावली. दोघं हातात हात घालून चढले. होडी हलताच बाबा कडेला वाकून ओकले. शिपायाने त्यांची कॉलर धरून ठेवली.

दुपारी डोक्यावर विमान घरघरलं. सगळे आडवे झालो. मी त्या शिपायाच्या बुटांना चिकटून पडले होते आणि मला त्याची विमानापेक्षा जास्त भीती वाटत होती. विमान निघून गेलं.

स्वीडिश बेटावर उतरल्यावर पोलिसांनी त्याला छावणीत नेलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

स्टॉकहोममध्ये बाबा दिवसा गोदामात काम करायचे आणि संध्याकाळी आता नकाशावर नसलेल्या आमच्या देशाच्या पासपोर्टांवर शिक्के मारायचे. शेवटपर्यंत दारावरची घंटा वाजली की त्यांचा चेहरा पांढरा पडे. पण ते आईला उठू देत नसत. दार स्वतःच उघडत.