उंदरांची रजई

माझा धंदा बाइंडिंगचा आणि सासूबाईंचा गाद्या-रजया भरण्याचा. एरवी आमचं कशावरही एकमत होत नसे, पण उंदीर या प्राण्याबद्दल होतं. पुठ्ठ्यावरची खळ उंदराला खाऊसारखी आवडते आणि कापसाच्या पोत्यात तर तो बाळंतपणालाच येतो. त्यामुळे माझी लेक भिंगरी मैत्रिणीच्या घरून दोन पांढरे उंदीर पिंजऱ्यासकट घेऊन आली, तेव्हा जावई आणि सासू पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले.

"घरात उंदीर पाळायचे?" मी म्हणालो.

"लोक मांजर कशाला पाळतात मग?" सासूबाई म्हणाल्या.

भिंगरी शांतपणे म्हणाली, "या तशा नाहीत. दोघी बहिणी आहेत. आणि यांना नावं आहेत." एकीचं नाव तिनं ठेवलं होतं कतरण, म्हणजे कागद कापून उरलेले तुकडे, ते माझ्या दुकानातलं. दुसरीचं चिंधी, ते आजीच्या दुकानातलं. आता आपल्याच धंद्याच्या नावाला कोण घराबाहेर काढणार? एवढ्याशा वयात पोरीला राजकारण बरं जमतं. बायको तोंडाला पदर लावून हसली आणि विषय संपला.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या त्या थंडी सुरू होण्याच्या जरा आधी. जन्मभर त्यांनी रजया भरल्या, पण वर्षभरात हात इतके कापायला लागले, की सुई टाका सोडून बोटातच जायची. दुकानाला कुलूप लावून, एक पिशवी आणि उरलेल्या पिंजलेल्या कापसाचं पोतं घेऊन त्या आल्या. त्या कापसाची नातीसाठी शेवटची रजई करायची होती. पोतं कपाटावर चढलं ते तिथंच राहिलं. रजईचा विषय कुणी काढत नसे.

त्यांचं माझ्याशी कधी फारसं जमलं नाही. लग्न ठरलं तेव्हा त्या कुणालातरी म्हणाल्या होत्या, "मुलगी पुठ्ठ्यात गुंडाळून दिली." ते वाक्य फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं आणि मी ते जपून ठेवलं. त्यांनी लग्नात दिलेल्या रजईखाली मात्र मी आजही झोपतो. त्यांच्याशी जमलं नाही तरी त्यांच्या रजईशी माझं उत्तम जमलं.

आमचं घर तळमजल्यावर, गल्लीच्या टोकाला. उन्हाळ्यात लोक आमचा हेवा करतात आणि थंडीत कीव. खिडकीची चौकट फुगून वाकडी झाली आहे आणि तिच्या फटीतून येणारा वारा भाडं न देता आमच्यात राहतो. हीटर एकच, तोही लहर आली तर तापतो. आणि भिंगरीनं पिंजरा ठेवला होता नेमका खिडकीखाली, का तर त्यांना बाहेरचं दिसावं.

एका सकाळी कतरण आणि चिंधी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पाठीला पोक आलेलं, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणालो, आळशी आहेत. सासूबाईंनी पिंजऱ्यात वाकून बघितलं आणि माझ्यावर डाफरल्या.

"थंडी वाजतेय त्यांना. एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला?"

मग ज्या बाईनं उभ्या आयुष्यात उंदरांसाठी सापळे लावले, तिनं कपाटावरचं पोतं खाली काढायला लावलं, त्यातला चांगल्यातला चांगला मूठभर कापूस बोटांनी मोकळा केला आणि पिंजऱ्यात ठेवला. दोघी त्यात अशा घुसल्या की नुसत्या शेपट्या बाहेर राहिल्या. सासूबाई हसल्या. आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. आपण उगाच त्यांच्यापासून लांब राहतो, असं त्या क्षणी मला वाटून गेलं. मग मी कामाला गेलो.

पुढच्याच आठवड्यात भिंगरी माझ्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली. आवाज अगदी बारीक. "बाबा, चिंधीचा पाय निळा झालाय."

कापसाचा एक लांब धागा तिच्या मागच्या पायाला पीळ घालून बसला होता. ती ओढेल तसा तो आवळत गेला होता. मी दुकानातली बारीक कात्री आणली. बायकोनं चिंधीला रुमालात धरलं आणि मी श्वास रोखून तो धागा कापला. हाताखालून हजारो पुस्तकं गेली असतील, पण एवढ्या बारीक कामाला एवढा घाम कधी फुटला नव्हता. पाय सुटला. चिंधी तो उचलून धरून बसली, टेकवेना.

वर बघितलं तर दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पाय वाचेल. पिंजऱ्यात कापूस मात्र घालायचा नाही, धागे अडकतात. न छापलेला मऊ कागद घाला, आणि भरपूर घाला. पिंजरा खिडकीखालून हलवा, पण हीटरला चिकटवूही नका.

आम्ही पिंजरा आतल्या भिंतीशी, स्टुलावर ठेवला. कापूस निघाला. 

सासूबाईंनी ते भलतंच मनाला लावून घेतलं. पोरीची वेणी घालणं सोडलं, चहाचा कप स्वतः उचलणं सोडलं, खुर्चीत हात मांडीखाली घालून बसायला लागल्या, जणू कुणी ते हात जप्त करायला येणार होतं. आणि बुधवारी त्यांनी लेकीला सांगितलं, "रविवारी पहिल्या गाडीनं जाते मी परत."

परत म्हणजे बंद दुकानामागची खोली. तिथं हीटर नाही, शेजार नाही, मनुष्य नाही.

"का पण?" बायकोनं विचारलं.

"हाताचा भरवसा नाही राहिला. आज उंदराचा पाय गेला असता. उद्या पोरीच्या अंगावर उकळता चहा सांडेन."

बायको रात्री मला म्हणाली, "तू बोल तिच्याशी."

"मी काय बोलणार? माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"तू कधी बोललास?"

मी कूस बदलली. रजई त्यांचीच होती. तिच्याखाली ऊब होती, पण झोप काही आली नाही.

कागदाचं काम तरी माझ्या हातातलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून चांगला पांढरा कागद मशीनवर कापून आणला. एकसारख्या, सरळ, देखण्या पट्ट्या. पिंजऱ्यात नीट अंथरल्या. कतरण आणि चिंधी त्यांच्यावर जाऊन बसल्या आणि तशाच कुडकुडत राहिल्या. मी आणखी पट्ट्या घातल्या. त्या आणखी उंचावर बसून कुडकुडायला लागल्या. "यांना किंमतच नाही," मी म्हणालो.

खुर्चीतून आवाज आला, "ते भरलेलं नाही. रचलेलं आहे."

"म्हणजे?"

"मधे हवा कुठाय? ऊब काय कापसात असते? कापसाच्या मधे जी हवा अडकते, तिच्यात असते. दाबून भरलेली रजई आणि फळी, दोन्ही सारख्याच."

मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. पुस्तकाच्या पानांत शिरणारी हवा दाबून बाहेर काढण्यातच माझा जन्म गेला आहे.

सासूबाईंनी मांडीखालचे हात काढले. पुस्तकातल्या चित्रांवर आम्ही जो झिरझिरीत कागद लावतो, त्याचे तुकडे माझ्या पिशवीत होते. त्यांनी एक उचलला आणि फाडायला लागल्या. हात थरथरत होते. त्यामुळे एकही पट्टी सरळ येईना, कडा दातेरी व्हायच्या, मधेच कागद वळायचा, मुडपायचा. मग त्यांनी तो सगळा ढीग तळहातांत घेऊन चुरगळला, पुन्हा सैल केला आणि पिंजऱ्यात हलकेच सोडला. मुठीएवढ्या कागदाचा डोक्याएवढा ढिगारा झाला होता.

सकाळी त्याचा गोल गोळा झालेला होता, एका बाजूला बोटभर भोक. भिंगरीनं त्यात बोट घातलं. "बाबा, आत गरम आहे," ती म्हणाली. भोकातून चिंधीचं नाक बाहेर आलं, हवा हुंगली आणि परत आत गेलं. बाहेरची थंडी बघून परत पांघरुणात शिरणाऱ्या माणसाइतकंच ते समाधानी दिसलं.

मला वाटलं, आता मिटलं. पण सासूबाई शुक्रवारी भिंगरीला घेऊन बसल्या आणि कागद फाडायचा कसा, मोकळा करायचा कसा, ओला झालेला तेवढाच काढून बाकीचं घरटं तसंच का राहू द्यायचं, हे सगळं शिकवलं. पोरगी लगेच शिकली. "झालं. आता माझी गरज नाही," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांची पिशवी भरून दाराशी उभी होती.

 त्या जाऊ नयेत असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचंच मला नवल वाटत होतं.

शनिवारी मी दुकान दुपारीच बंद केलं. घरी येऊन टेबलावर सुई ठेवली, मेण लावलेला दोरा ठेवला, पुस्तकांच्या पाठीला लावतो त्या निळ्या कापडाचा मोठा तुकडा ठेवला. शेजारी पुठ्ठ्याची एक चौकट, पिंजऱ्यापेक्षा दोन बोटं मोठी. मग कपाटावरचं पोतं काढलं.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"पिंजऱ्याला रजई करायचीय. बाहेरून. वरून आणि तीन बाजूंनी, पुढची बाजू हवेला मोकळी. मधे पुठ्ठा आहे, म्हणजे यांचे दातही पोचणार नाहीत आणि पायही. वारा आतल्या भिंतीपर्यंत येतोच आहे."

"मला सुई धरवत नाही. माहीत आहे तुम्हाला."

"सुई मी धरतो. पुस्तकं शिवतोच की रोज. पण कापूस मी भरला तर फळी होईल."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "कीव करताय का माझी?"

"आई, तुमच्या हातानं घातलेल्या कापसात चिंधीचा पाय अडकला, हे खरं आहे. तुमच्याच हातानं फाडलेल्या कागदात त्या दोघी गरम झोपतात, हेही खरं आहे. एवढंच सांगून मी थांबणार होतो. पण तुम्ही जाऊ नका. उंदरांसाठी नाही, पोरीसाठीपण नाही. माझ्यासाठी."

एवढं बोलून मी सुईत दोरा ओवायला लागलो, कारण त्यांच्याकडे बघवेना. दोरा जाईना. 

त्या म्हणाल्या, "टोक ओलं करा."

त्या खुर्चीतून उठल्या आणि टेबलाशी आल्या. कापडावर कापूस पसरून त्यांनी दोन्ही तळहात त्यावर टेकले. कंप होताच, पण तो कापसात जिरून जात होता आणि कापूस आणखी फुलत होता. "इथं," त्या बोट ठेवायच्या आणि मी टाका घालायचो. "एवढं आवळू नका, पुस्तक नाही ते." मी सैल करायचो. "आता लोंबतोय." मी उसवायचो. दुकानात मला एवढं कुणी बोललं असतं, तर मी त्याला दार दाखवलं असतं. इथं मी शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून शिवत होतो आणि मला ते आवडत होतं. बायको एकदा दारात आली, आम्हाला बघितलं आणि पाऊल न वाजवता परत गेली. भिंगरी दोघींना आपल्या स्वेटरच्या बाहीत घेऊन बसली होती. चिंधीनं मधेच बाहेर येऊन दुखरा पाय टेबलावर टेकवला आणि कतरणच्या मागे परत बाहीत गेली.

दिवेलागणीला शेवटची बाजू झाली. रजई चौकटीवर चढवली, चौकट पिंजऱ्यावर. टाके माझे, वहीच्या शिवणीसारखे दिसत होते. फुगवटा त्यांचा होता. सासूबाईंनी सगळीकडून हात फिरवला आणि मागच्या कोपऱ्याशी थांबल्या. दोन बोटांनी तो दाबून बघितला.

"हा कोपरा दबलाय. इथून गारवा आत जाईल."

"मग?"

"उसवावा लागेल."

मी कात्री उचलली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो थरथरत होता आणि उबदार होता.

"आता नको, उजेड गेला. सकाळी खिडकीशी बसून करू."

पहिली गाडी सकाळीच होती. भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. मी कात्री खाली ठेवली. बायको पुढे झाली, दाराशी असलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. सासूबाईंनी ते बघितलं.

"पोत्याचं तोंड बांधून ठेवा," त्या मला म्हणाल्या. "रात्रीत कापूस सादळेल. पोरीची रजई व्हायचीय अजून."