पोर्चमधला पुठ्ठा

कानिफनाथ मरकड गुरुजींची गाडी गळायला लागली ती दसऱ्यापासून, आणि त्याला कारण खुद्द गुरुजी. गाडी चोवीस वर्षांची. तिच्या इंजिनवर तेलाचा आणि फुफाट्याचा मिळून बोटभर थर बसलेला. गुरुजींच्या पत्नी मुक्ताबाई होत्या तोवर दसऱ्याला त्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या, पुढं झेंडूची माळ बांधायच्या आणि वरवर फडकं मारलं की झालं, म्हणायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली. यंदा गुरुजींच्या मनानं घेतलं की पूजा करायची तर आतून-बाहेरून स्वच्छ करून करावी. म्हणून त्यांनी गाडी वॉशिंग सेंटरला नेली, बॉनेट उघडायला लावलं आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून इंजिन पार लखलखीत करून घेतलं. चौथ्या दिवशी अंगणात काळा ठिपका दिसला.

गोरक्ष मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. गोरक्ष गुरुजींचाच विद्यार्थी. चौथीत दोनदा बसला होता, पण इंजिनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा तालुक्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

"गुरुजी, त्यो मळ न्हवता. लिंपन हुतं ते. त्यानंच तेल आडवून धरलं हुतं. कुनी सांगितलं तुमाला धुवायला?"

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओढलेल्या माणसाला आपली चूक कुणी दाखवली की जेवण गोड लागत नाही.

गुरुजी राहतात ते बोधेगावच्या अलीकडे, वस्तीवर. आजूबाजूला तूर आणि कपाशी, सगळ्यात जवळचं घर हाकेच्या पलीकडं. शेत वाट्यानं दिलेलं, गाय विकलेली. सकाळी सात वाजता ते दोन कप चहा टाकायचे आणि मग एक कप ओतून द्यायचे. तीन वर्षं झाली तरी हाताला एका कपाचं पाणी घेता येत नव्हतं. दिवसभरात बोलायचं म्हणजे रस्त्यानं कुणी गेलं तर "काय, बरंय का" एवढंच. एकटेपणाचा त्यांना फार त्रास होत होता. हे ते कुणाला सांगत नसत, विचारलं तर "मजेत हाय" म्हणत, पण त्रास होत होता. कधी कधी बुधवारी त्यांच्या लक्षात यायचं की सोमवारपासून आपण आवाजच काढलेला नाही. मग ते वर्गात म्हणायचे तसा पाढा मोठ्यानं म्हणत. एकोणतीसचा.

रविवार मात्र त्यांचा होता. रविवारी दाढी, इस्त्रीचा शर्ट, गाडीला चावी आणि थेट शेवगाव. तिथं त्यांची एकुलती एक लेक दीपा. जावई सचिनचं खतं-बियाण्यांचं दुकान जोरात चाललेलं, नातवंडं दोन. गेल्या वर्षी त्यांनी बंगल्यापुढं पोर्च काढला आणि दीपानं स्वतः नगरला जाऊन फरशी पसंत केली. दुधावरच्या सायीच्या रंगाची फरशी. त्या फरशीवर दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गुरुजींच्या गाडीनं तीन थेंब टाकले.

"आप्पा, हे काय हो?" दीपा म्हणाली. तिला फरशीचं वाईट वाटलं, आणि ते लपवायचा तिचा स्वभाव नव्हता.

पुढच्या रविवारी गुरुजींनी फाटकात हॉर्न वाजवला, तर दीपा आतून पळतच आली. हाताला कणीक, बगलेत दुकानातल्या औषधाच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा. "थांबा, थांबा आप्पा. पुढं घेऊ नका." तिनं पुठ्ठा अंथरला, मग गाडीसमोर उभी राहून हातवारे करायला लागली. "या. डाव्या अंगाला. अजून थोडं. बास." गुरुजी उतरले. ती वाकून पुठ्ठा नीट बसलाय का बघत होती. उठता उठता तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"दाढी करताना कापलं का? आणि शर्ट गळ्याशी एवढा सैल कसा झाला? जेवता ना नीट?"

"जेवतो की," गुरुजी म्हणाले आणि ओशाळून पुठ्ठ्याकडं बघत राहिले.

तेव्हापासून ती रीतच पडली. दर रविवारी हॉर्न झाला की दीपा पुठ्ठा घेऊन बाहेर. गाडी आत यायला दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत ती चार गोष्टी विचारायची. चारला निघताना पुन्हा बाहेर यायची, गाडी मागं गेली की पुठ्ठा उचलून उजेडात धरायची आणि ठिपके मोजायची. "आज अकरा. मागच्या वेळी नऊ होते. आप्पा, एकदा दाखवून घ्या ना. कटकट नुसती." असं म्हणून ती गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो पुठ्ठा हातात धरून उभी राहायची. मधल्या वेळात घर आपल्या कामात असे. टीव्ही चालू, सचिनचा फोन चालू, पोरं क्लासला जायच्या घाईत, दीपा स्वयंपाकघरात. गुरुजी सोफ्यावर बसून पेपर वाचायचे, जेवायचे, थोडं पेंगायचे आणि उठायचे.

पण गुरुजींना यातलं ऐकू आलं ते एकच, कटकट. शाळेत साहेबांनी शेरा मारला की तो पुढच्या तपासणीआधी पुरा करायचा, ही त्यांची जन्माची सवय. आणि तशात फेब्रुवारीतल्या एका रविवारी वारं सुटलं, पुठ्ठा खालून सरकला आणि फरशीवर बशीएवढा डाग पडला. गुरुजी हात धुवायला बाहेर आले, तर दीपा गुडघ्यांवर बसून ब्रशनं तो घासत होती. साबणाचा फेस, कपाळावर केस, आणि चेहरा वैतागलेला. तिनं मान वर करून म्हटलं, "राहू द्या, होईल," पण गुरुजी हात न धुताच आत फिरले. परतताना वीस किलोमीटर त्यांच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. आज गाडी नकोशी झाली, उद्या गाडीवाला होईल. रविवार गेला तर आपल्याकडं उरलं काय?

सोमवारी ते गोरक्षच्या गॅरेजात हजर.

गोरक्षनं गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी लावून खालून हिंडला आणि हात पुसत वर आला. "तीन जागा हायेत. वरच्या झाकनाचं पॅकिंग कडक झालंय. गिअरबॉक्सच्या तोंडाला सील गेलंय. आन् पान्याचा पाईप क्लिपपाशी घाम सोडतोय. पर घाबरायसारखं काय न्हाई. ब्रेकचं तेल गळत असतं तर मीच गाडी हलवू दिली नसती. हे दिसाला चमचाभर जातंय. महिन्याला तेलाची काडी बघा, कमी झालं की घाला."

"नीट कर."

"गुरुजी, त्या एका सीलपायी आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतोय. चोवीस वर्सांची गाडी. नटबोल्ट गंजल्यात. एवढ्या थेंबासाठी म्हातारीला कशाला टेबलावर घेता?"

"तुला काय करायचंय? नीट कर म्हणलं ना."

गोरक्षनं त्यांच्याकडं पाहिलं. चौथीत असताना या सुरापुढं त्याचं काही चाललं नव्हतं, आताही चाललं नाही. तरी तो म्हणाला, "दोन दिस इचार करा. मग बी म्हनला तर करतो."

गुरुजींनी दोन दिवस विचार केला, म्हणजे अंगणात खाट टाकून गाडीखालच्या ठिपक्यांकडं बघत बसले. गोरक्षचं म्हणणं खोटं नव्हतं. ही गाडी त्यांनी घेतली होती ती मुक्ताबाईंचे गुडघे धरले तेव्हा, सेकंडहँड. तीत बसून त्या दवाखान्यात गेल्या, लग्नांना गेल्या, मढीच्या यात्रेला गेल्या. गाडी थोडी गळते म्हणून काय झालं, माणसं नाही का गळत, असंही त्यांच्या मनात आलं. शेवगावात गाडी फाटकाबाहेर लावता आली असती, पण लेकीच्या दारात तिऱ्हाइतासारखी बाहेर गाडी लावायची, हे त्यांना गिळवेना. शेवटी डोळ्यांपुढं गुडघ्यांवर बसलेली दीपा आली आणि विचार संपला. बुधवारी त्यांनी गाडी गोरक्षच्या ताब्यात दिली आणि एसटीनं वस्तीवर परतले.

सील नगरहून यायला उशीर झाला. मधला एक रविवार बुडाला. गुरुजींनी दीपाला फोन करून सांगितलं की गाडी कामाला टाकलीय, येणं व्हायचं नाही.

"बरं झालं आप्पा, एकदाचं केलंत," ती म्हणाली. "मग पुढच्या रविवारी या."

तो रविवार त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. इस्त्रीचा शर्ट घातला आणि संध्याकाळी तसाच काढून ठेवला.

पुढच्या शनिवारी गाडी मिळाली. गुरुजींनी रात्रभर तिच्याखाली कोरा पांढरा कागद पसरून ठेवला आणि सकाळी उचलून पाहिला. वहीतलं पहिलं पान असतं तसा कोरा. ऊर भरून आला त्यांचा. दाढी केली, कुठं कापू दिलं नाही आणि साडेदहाला शेवगावात दीपाच्या फाटकात हॉर्न वाजवला.

फाटक उघडंच होतं. कुणी आलं नाही.

गुरुजींनी पुन्हा हॉर्न दिला.

"या आप्पा, या आत," स्वयंपाकघराच्या खिडकीतून दीपाचा आवाज आला. "आता कुठंही लावा."

गुरुजींनी गाडी आत घेतली. डाव्या अंगाला किती, पुढं किती, त्यांचं त्यांनाच बघावं लागलं. इंजिन बंद करून ते स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. ती येईल असं वाटलं. आतून कुकरची शिट्टी झाली, टीव्हीवर कुणी तरी हसलं. मग ते उतरले आणि त्या सायीच्या रंगाच्या फरशीवर एकटेच उभे राहिले. फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यांना एकदम कळलं. या घरात आपल्यासाठी कुणी हातातलं काम टाकून बाहेर येत होतं ते फक्त इथवर, त्या पुठ्ठ्यापायी, आणि ते आपण आपल्या हातानं बंद करून आलो. पण एवढ्या चांगल्या दिवशी पोर्चमध्ये उभं राहून म्हाताऱ्यानं डोळे पुसायचे, हे बरं दिसलं नसतं. ते आत गेले.

"एक थेंब न्हाई बघ आता," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं.

"छान झालं. गेली बाई कटकट," दीपा तव्याकडं बघतच म्हणाली. मनापासून म्हणाली. तिच्या आवाजात आनंदच होता, आणि त्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

गुरुजी जेवले, पेपर वाचला, थोडं पेंगले. चारला उठले. दीपा फोनवर कुणाशी तरी शिवणाचं बोलत होती. तिनं हात हलवला, तोंडानं "सावकाश जा" अशी खूण केली. त्यांनी गाडी मागं घेतली, कोपऱ्यावर आरशात पाहिलं. पोर्च रिकामा होता.

गावाबाहेर गोरक्षचं गॅरेज उघडं होतं. गोरक्षची सुट्टी अमावस्येला, रविवारचं त्याला काही नसे. गुरुजींची गाडी थांबलेली बघून तो स्वतःच आला, खाली वाकला, बोट फिरवून बघितलं आणि कोरडं बोट त्यांना दाखवलं.

"ताई खूश झाल्या आसतील."

"व्हय. कटकट गेली म्हणाली."

"मग झालं तर."

गुरुजी उगाच थांबले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "गोरक्ष, हे परत कधी गळायला लागंल रं?"

"आता इसरा तुमी ते," गोरक्ष म्हणाला. त्याला वाटलं, गुरुजींना अजून धास्ती आहे. "पाच वर्सं थेंब पडायचा न्हाई. पडला तर माझा कान धरा."

गुरुजींनी मनातल्या मनात बेरीज केली. वयाची एक्काहत्तर आणि ही पाच.

"पाच वर्षं," ते म्हणाले, "लई झाली रं."

गोरक्षला ती शाबासकी वाटली.