गुरुजींनी खाली नाव लिहिलं

मित्रांनो, मी एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र आहे. नाव ऐकून तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघाल, हे मला ठाऊक आहे. तुमच्या गुरुजींना विचारा, आणि ते फारच तरुण असतील तर त्यांच्या गुरुजींना विचारा. माझं सगळं अंग म्हणजे एक लोखंडी नळकांडं, आत शाई, बाजूला एक दांडा. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, म्हणजे तेवढ्या जागेचं मेण खरवडलं जातं आणि तिथून शाई झिरपते. तो मेणकागद माझ्या अंगावर चढवून दांडा फिरवला की एका लिहिण्यात शेकडो कागद तयार. मला वीज लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ज्याने माझी जागा घेतली त्या झेरॉक्सला वीज गेली की काही सुधरत नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी दिग्रसच्या एका सरकारी कचेरीत आलो. तेव्हा माझा थाट होता. परिपत्रक निघालं की आधी माझ्या अंगावर यायचं, मग गावोगाव जायचं. माझ्यावर झाकायला वेगळं फडकं होतं आणि त्या फडक्याने दुसरं काही पुसलेलं साहेबांना खपत नसे. मग झेरॉक्स आलं. नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी वाट पाहिली, पण माझे दिवस काही परत आले नाहीत. जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांशेजारी मी पडून राहिलो. माझा दांडा तुटला, रबरी रूळ उंदरांनी कुरतडला, आणि शेवटी भंगाराच्या लिलावात मला मोहिउद्दीन मिस्त्रींनी उचललं.

मोहिउद्दीन मिस्त्रींचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. फवारणीचे पंप, शिलाई मशीन, सायकल, जे बिघडेल ते त्यांच्याकडे यायचं. त्यांनी माझा रूळ बदलला आणि तुटक्या दांड्याच्या जागी एका भंगार मोटारसायकलची किक जोडली. मला आधी फार अपमान वाटला. पण दांडा इतका हलका फिरू लागला की मी मुकाट्याने राग गिळला. तिथेच शाळेचा स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन लखीराम गुरुजी आले. स्टोव्ह राहिला बाजूला आणि ते माझ्याकडेच बघत उभे राहिले. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, मशीन बुढी आहे, पन दम आहे तिच्यात. लाइन गेली का झेरॉक्सवाला माश्या मारत बसते. हे नाही बसत."

अशा रीतीने मी एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत आलो. शाळा म्हणजे एकच खोली आणि तिला लागून सामानाची एक कोठी. त्या कोठीत मी. मधल्या दाराची कडी कधीच नीट लागली नाही, त्यामुळे वर्गात काय चाललंय ते मला सगळं ऐकू येई. लखीराम राठोड गुरुजी स्वतः दुसऱ्या तांड्यावरचे होते. त्यांनी माझ्यावर चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापल्या. आपल्यासाठी छापलेला कागद मुलांनी पहिल्यांदाच पाहिला. ती आधी कागदाचा वास घेत आणि मग उत्तरं लिहीत. इतकं कौतुक मला त्या कचेरीतही मिळालं नव्हतं.

दिवाळीनंतर कापूस फुटला की मात्र वर्ग रिकामा व्हायचा. सगळी मुलं वेचणीला. गुरुजी रिकाम्या बाकांपुढे हजेरी घेत बसायचे. एकदा त्यांनी पालकांसाठी पत्रक लिहिलं. त्यात 'बालकांच्या सर्वांगीण विकासास्तव' असे शब्द होते. मी ते इमानाने छापलं. तांड्यावर त्या कागदाच्या तंबाखूच्या पुड्या झाल्या. मानीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांनी गुरुजींना चुलीजवळूनच सुनावलं, "हे तहसीलीच्या नोटिशीवानी वाटते गुरुजी. आमच्यासारखं बोलत जा ना कागदावर."

गुरुजींना ते लागलं. पण मनातून पटलंही. पुढच्या पत्रकात त्यांनी वेचणीला गेलेल्या एका पोरीची गोष्ट लिहिली. तिच्या पाठीवरचं ओझं, कापसाच्या बोंडांच्या टोकदार कडांनी सोललेली बोटं, तिला आठवणारी कविता. शब्द सगळे तांड्यावरचे, मधूनमधून बंजाऱ्यांची घरातली गोरबोलीसुद्धा. कडुलिंबाखाली कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. लोक आधी हसले आणि मग पुन्हा वाच म्हणाले. काही मुली वर्गात परत आल्या, काही नाही आल्या. पण त्या दिवसापासून गुरुजी लिहीतच राहिले. कापूस मोजायच्या काट्यावर बायांना कसं ताटकळत ठेवतात, नवीन बियाण्याने अळी मरेल म्हणाले आणि फवारणी उलट कशी वाढली, सगळं माझ्या अंगावरून गेलं. नुसतं लिहून थांबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बायांना घेऊन ते तहसीलीपुढे जाऊन बसले, तेही रविवारी, म्हणजे शाळा बुडायला नको. पुढे यवतमाळच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या गोष्टी छापल्या आणि त्यांचा सत्कार झाला. शाल त्यांना, नारळ त्यांना, आणि मला एक नवीन फडकं. असो, मी तक्रार करत नाही.

गोष्टींवर त्यांचं नाव असायचं. पत्रकांवर मात्र ते कधीच नाव टाकत नसत. खाली फक्त 'एक तांडेकरी' एवढंच. सरकारी नोकराने सरकारच्या कारभारावर बोट ठेवलं की काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या पत्नी बसंतीबाई रोज बजावायच्या की लिहा बापा, पण नाव लिहू नका.

आणि मग ते वाईट साल आलं. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप, हातातली नळी उभी धरायची, आणि उडालेलं औषध परत तोंडावर. मानीबाईंचा एकुलता एक मुलगा संजय रोजाने फवारणीला जायचा. तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्याची बायको आधीच वारली होती आणि त्याची मुलगी सोनू तिसरीत होती. श्रावण होता. तांड्यावरच्या मुली तीजेच्या सणासाठी टोपल्यांत गहू पेरून त्यांना पाणी घालत होत्या. एका दुपारी संजय शेतातून भिंतीला हात लावत लावत आला. डोळ्यांपुढे धुकं आलंय, म्हणाला. त्याला यवतमाळला नेलं. तो परत आला तो चादरीत गुंडाळून.

चौकशीला सरकारी माणसं आली. त्यांनी मानीबाईंना विचारलं, औषध तोंडात गेलं होतं का? मानीबाई खरं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, हो, गेलं होतं. मित्रांनो, इथे मी थोडं थांबतो, कारण सगळा घात इथेच झाला. पंपाच्या टोकाला बारीक भोकाची तोटी असते. तिला नोझल म्हणतात. औषधात कचरा असला की ती तुंबते. मग फवारणारा काय करतो? ती काढतो, तोंडात धरतो आणि जोराने फुंकतो. दिवसातून कितीतरी वेळा. आमच्या भागात सगळेच असं करतात. मानीबाईंना वाटलं, हे तर कुणालाही माहीत असणार. पण विचारणाऱ्यांनी आयुष्यात कधी पंप उचलला नव्हता. त्यांनी लिहिलं, औषध प्राशन केले, म्हणजे तो ते आपणहून प्यायला. शेतमालकानेही तशीच साक्ष दिली. त्याच्या शेतात, त्याच्या पंपाने माणूस गेला असं निघण्यापेक्षा त्याला ते सोयीचं होतं.

तांड्यावर कुजबुज सुरू झाली. संजयने औषध घेतलं म्हणे. मोठ्यांची कुजबुज मुलांच्या तोंडी यायला वेळ लागत नाही. सोनू वर्गात दाराशी बसू लागली आणि बोलेनाशी झाली. एकदा मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तरी ती उठली नाही. गुरुजी तिच्याजवळ खाली बसले. मग ती म्हणाली, "मी तीजेले नवा फ्रॉक मांगतला होता. मनून बाबानं औषध घेतलं का?"

गुरुजींनी हळू आवाजात काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. ते कोठीत आले आणि माझ्या रुळावरची वाळलेली शाई पुसू लागले. मी लोखंडाचा आहे. तरी मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस ते शाळा सुटली की फवारणाऱ्यांना भेटत होते. मोहिउद्दीन मिस्त्रींनाही विचारलं. मिस्त्री म्हणाले, दुकानात येणाऱ्या प्रत्येक नोझलवर दातांच्या खुणा असतात. एका रविवारी भर दुपारी गुरुजींनी मेणकागद पुढे घेतला. संजय कसा मेला आणि तोंडात औषध कसं जातं, सगळं लिहिलं. आमच्यातला प्रत्येक जण नोझल फुंकतो, संजयने फुंकलं, तो मरायला नव्हता गेला, तो कामाला गेला होता, असं लिहिलं. खाली नेहमीप्रमाणे 'एक तांडेकरी' लिहायला लेखणी टेकवली. मानीबाई दारात उभ्या होत्या. गुरुजींनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमी माह्या पोराचं नाव कागदावर घेतलं. तुमचं काहून नाही? बिननावाच्या मानसावर कोन इस्वास ठेवते?"

बसंतीबाईही तिथेच होत्या. त्या म्हणाल्या की नोकरी गेली तर म्हातारपणी खायचं काय. त्यांचंही खोटं नव्हतं. गुरुजींनी दोघींचंही ऐकून घेतलं. मग त्यांनी लिहिलं, लखीराम राठोड, शिक्षक. लेखणीचा जोर जास्त पडला, त्यामुळे ठ चं गोल तुटून पडलं आणि प्रत्येक कागदावर तिथे काळा ठिपका उमटला. बसंतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पत्रक दिग्रसच्या बाजारात वाटलं गेलं, आणि तिथून एसटीने, ट्रकने पांढरकवडा, मारेगावपर्यंत गेलं. लोक गुरुजींना शोधत येऊ लागले. आमच्याकडेही असाच एक गेला, म्हणून सांगू लागले. आणि एका सकाळी, वर्ग भरलेला असताना, शिक्षण खात्याचे साहेबही आले.

साहेब वाईट माणूस नव्हते. आवाजही त्यांनी चढवला नाही. पत्रक टेबलावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, नाव चुकून छापलं गेलं, मजकूर माझा नाही, एवढं लिहून द्या. मी वरती सांभाळून घेतो." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. दाराच्या फटीतून मला गुरुजींचा हात दिसत होता. तो पेनाकडे गेला, हे मी लपवणार नाही.

तेवढ्यात दाराशी बसलेली सोनू उभी राहिली. तिने महिनाभरात भरल्या वर्गात एक शब्द काढला नव्हता. ती म्हणाली, "गुरुजी, मंग हे खोटं हाये का? माहा बाबा संध्याकाळी घरी येनार होता का नाही?"

साहेबांनी मान खाली घातली. गुरुजींनी पेन परत केलं.

"येनार होता बाई," ते म्हणाले. "संध्याकाळीच येनार होता." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "नाव राहू द्या. ते माझंच आहे."

सोनू खाली बसली आणि रडली. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. गुरुजींनी तिला रडू दिलं आणि मुलांना पाढे म्हणायला सांगितले.

गुरुजी निलंबित झाले. मला पुरावा म्हणून उचलून नेलं आणि पुन्हा एका जिन्याखाली ठेवलं. शाई वाळून माझा रूळ दगडासारखा झाला. बऱ्याच वर्षांनी सुटलो, तो थेट मिस्त्रींच्या दुकानात आलो. आता मी तिथे फळीवर असतो. गुरुजी अधूनमधून येऊन बसतात. त्यांची पुस्तकं निघाली आहेत, सभेत लोक त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतात, पेन्शनचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. सरकारी कागदावर संजयच्या नावापुढे जे लिहिलं होतं ते आजही तसंच आहे. ते बदलावं म्हणून गुरुजी अजून खेटे घालतात. ते थकले आहेत, मला दिसतं. काळजी वाटते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण तुमच्या गावात कुणी असं गेलं, तर ऐकलेलं पुढे सांगू नका. त्या घरात तुमच्या वयाचं कुणीतरी असतं. आधी विचारा, की तो माणूस त्या दिवशी कोणतं काम करत होता. आणि तुमचे बाबा, काका फवारणीला निघाले की दात घासायचा एक जुना ब्रश त्यांच्या खिशात टाका. नोझल तुंबलं तर त्याने साफ करा, तोंडात धरू नका, असं बजावून सांगा. ते हसतील, विसरतील, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. संध्याकाळी त्यांना घरीच यायचं असतं.