लीलाम्माच्या पश्चात

“‘त्यांच्या पश्चात दोन मेमरी पट्ट्या, एक हार्ड डिस्क, एक पॉवर सप्लाय आणि एक पंखा असा परिवार आहे,’” शशिधरन सारांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तीच ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. मग विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

“मीच, सार,” तंकमणी म्हणाली.

“आणि हा परिवार सध्या कुठे असतो?”

आपण विनोद केला हे सारांच्या लक्षात आलं नाही. जिल्हा कार्यालयात बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या ते येतही नाही. मुख्याध्यापिका सूसम्मा टीचर मात्र घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर धुकं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

तंकमणी कुन्नेलच्या शाळेत लॅब अटेंडंट होती. वय बावन्न. सोळा वर्षांपूर्वी ती ग्रंथालयात धूळ झटकायला लागली, आणि शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ‘धूळ झटकण्याचा अनुभव’ या एका पात्रतेवर तिला लॅबमध्ये हलवलं गेलं. पुढचं ती स्वतःच शिकली. डोंगरातल्या दमट हवेत यंत्रं माणसांच्या आधी म्हातारी होतात. मेमरीची पट्टी काढावी, तिच्या पितळी दातांवर खोडरबर घासावा, फुंकर मारून परत बसवावी. पुष्कळदा तेवढ्याने यंत्र डोळे उघडतं. तिच्या साडीला कमरेशी नेहमी एक खोडरबर खोचलेला असायचा, एका बाजूने काळा पडलेला. भिजलेले मदरबोर्ड ती घरी चुलीवरच्या फळीवर, मिऱ्यांशेजारी वाळवायची. लॅबमध्ये अधूनमधून मिऱ्यांचा वास यायचा तो त्यामुळे.

यंत्र खरोखरच मेलं की जिल्ह्याला पत्र लिहायचं, असा नियम होता. उत्तर यायचं: कंपनीचा माणूस येईपर्यंत सील तोडू नये. कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली होती. हे जिल्ह्यालाही माहीत होतं, पण कंपनीकडून तसं लेखी आलं नव्हतं.

म्हणून आसपासच्या नऊ शाळांच्या नऊ जणांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘निधनवार्ता’. या भागात सकाळी पेपर आला की माणसं आधी निधनाचं पान वाचतात, आपल्या ओळखीचं कोण गेलं ते बघतात आणि मगच सरकार राहिलं की पडलं इकडे वळतात. तेव्हा एखादं यंत्र गेलं की त्याची रीतसर बातमी लिहायची, फोटोसकट. ज्याला जो भाग हवा असेल त्याने तेवढ्यापुरता शोक करायचा: ‘हार्ड डिस्कच्या दुःखात सहभागी.’ दोघं एकाच दुःखात सहभागी झाले तर ज्याची जास्त पोरं खोळंबली असतील त्याला तो भाग. मग जुन्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून तो सकाळच्या पहिल्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचा. कोणता भाग कुठून कुठे गेला हे तंकमणी एका वहीत तारखेसकट लिहायची. त्या वहीच्या जोरावर तिच्या लॅबमधली तेरापैकी बारा यंत्रं चालत होती. सबंध जिल्ह्यात असं दुसरं उदाहरण नव्हतं. पण चालत्या यंत्रांची नोंद ठेवायचा रकाना जिल्ह्याच्या फॉर्मात नव्हता, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

तेरावं यंत्र म्हणजे सात नंबर, तंकमणीने ठेवलेलं नाव लीलाम्मा. तिचा मदरबोर्ड जळाला. तंकमणीने बसमध्येच बातमी लिहिली: ‘कुन्नेल शाळेच्या लीलाम्मा यांचं अकरा वर्षांच्या अखंड सेवेनंतर आज सकाळी अल्पशा आजाराने निधन झालं.’ खाली परिवार लिहिला आणि पाठवून दिली. चष्मा घरी राहिला होता. बातमी ‘निधनवार्ता’वर गेली ती गेलीच, शिवाय जिल्हा कार्यालयाच्या सरकारी ग्रुपवरही गेली.

तिकडे कुणी पहिल्या ओळीच्या पुढे वाचलं नाही. उपसंचालकांनी तीव्र दुःख व्यक्त केलं. सात शाळांनी एक मिनिट स्तब्धता पाळली, एकीने दुपारनंतर सुट्टी दिली. लीलाम्मा टीचर कोणता विषय शिकवायच्या हे कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा शिपाई पुष्पचक्र घेऊन जीपने घाट चढून आला आणि त्याने घर कुठे म्हणून विचारलं. सूसम्मा टीचरांनी त्याला आधी कोरा चहा पाजला, मग लॅब दाखवली. पुष्पचक्र परत नेलं तर त्याची नोंद कशी करायची हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ते त्याने सात नंबरवर ठेवलं, नमस्कार केला आणि गेला.

एवढं झाल्यावर जिल्ह्याला काहीतरी करणं भाग होतं. शशिधरन सार आले ते त्यासाठी.

“यंत्र मेलं तरी ते सरकारचं असतं,” सार म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “त्याचे अवयव वाटायचे तर मंजुरी लागते.”

“तीन वेळा मागितली, सार.”

“मिळाली का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

सूसम्मा टीचरांनी मध्येच सांगून पाहिलं, की दहावीची कॉम्प्युटरची प्रात्यक्षिक परीक्षा बारा दिवसांवर आहे, बारा यंत्रं आहेत, तेवढी आटोपू द्या. सारांनी ते लिहून घेतलं. मग सांगितलं, की आठ दिवसांत प्रत्येक भाग त्याच्या मूळ यंत्रात, नंबर जुळवून, परत बसलेला असावा. बसला तर गैरसमज म्हणून फाइल बंद. नाही बसला तर सरकारी मालाची चोरी, आणि चोरांची यादी त्यांच्याकडे होतीच: ‘निधनवार्ता’वर ज्यांनी ज्यांनी एखाद्या भागाचा शोक केला होता ते सगळे, तंकमणीच्याच मोबाइलवरून उतरवून नावासकट छापलेले.

संध्याकाळी पौलोस आला. नदीपलीकडच्या शाळेत तो नऊ वर्षं रोजंदारीवर होता. लॅबच्या पायरीवर बसून त्याने आधी शशिधरन सारांच्या सात पिढ्यांचा परामर्श घेतला, मग मुद्द्यावर आला. तंकमणीला तो, आणि सगळं गावच, चेची म्हणजे ताई म्हणायचं.

“चेची, उंदरांनी खाल्लं म्हणून सांग ना. माझ्या इथे उंदरांनी अख्खा प्रोजेक्टर खाल्ला, जिल्ह्यानं मान्य केलं.”

“वहीत सगळं लिहिलंय, पौलोस.”

“वही पण खाल्ली म्हण.”

“आणि तुझं काय? पॉवर सप्लायच्या दुःखात कोण सहभागी झालं होतं?”

“मीच,” पौलोस म्हणाला. “रडलो पण होतो. त्या रडणाऱ्या चेहऱ्यांची तीन चित्रं टाकली होती खाली.”

कायम नोकरीतल्या माणसाला चोर ठरवायला जिल्ह्याला दहा वर्षं लागतात. रोजंदारीवाल्याला एक दुपार पुरते. तंकमणीने ते बोलून दाखवलं नाही. ती आत गेली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाच नंबरचं झाकण उघडलं. त्यातली हार्ड डिस्क पौलोसच्या शाळेची होती.

“असू दे गं,” पौलोस म्हणाला. “हिला परीक्षेपर्यंत तरी...”

“धर,” ती म्हणाली.

पुढचे सहा दिवस डबे बसमधून उलटे जाऊ लागले. कंडक्टरने विचारलं, “काय चेची, भांडण झालं का तुमचं?” ती म्हणाली, हिशोब मिटवतोय. वहीत ती एकेक ओळ खोडत गेली. इतकी चोख वही होती, की एकही भाग हरवला नाही. तिने कधी आळस केला असता, चार ओळी लिहायच्या राहिल्या असत्या, तर तेवढी चार यंत्रं वाचली असती. बारातली पाच उरली. पौलोसकडे सहातलं एक.

आठव्या दिवशी सार आले. लीलाम्माच्या पोटात तिचा सगळा परिवार परत आला होता: दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, पंखा. सारांनी टॉर्च लावून एकेक नंबर वाचला आणि एकेक टिक मारली.

“चालू करून बघायचं का, सार?” सूसम्मा टीचरांनी विचारलं.

“ते फॉर्मात नाही,” सार म्हणाले. झाकण बसवलं, नवं सील चिकटवलं आणि अंगठ्याने नीट दाबलं. निघताना तंकमणीला म्हणाले, की काम स्वच्छ आहे, तसा शेरा मारतो. घाटाखालच्या शाळेतली चौदाच्या चौदा यंत्रं आल्या दिवसापासून खोक्यात होती, सीलसकट. त्या शाळेला मागच्याच आठवड्यात ‘आदर्श साठा’ म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं होतं. सारांनी जाता जाता सुचवलं, की तुम्हीही पुढच्या वर्षी प्रयत्न करायला हरकत नाही.

परीक्षेला साठ मुलं होती. पाच यंत्रांवर ती तेवढ्या वेळात बसणार नाहीत हे जिल्ह्याला फोनवर कळवलं, तेव्हा लगेच मार्गदर्शन आलं: ज्यांना यंत्र मिळणार नाही त्यांनी कागदावर पडद्याचं चित्र काढावं आणि जिथे क्लिक कराल तिथे फुली मारावी.

म्हणून पाच पाळ्यांत पंचवीस मुलांना यंत्र मिळणार होतं आणि उरलेली पस्तीस मुलं बाकांवर पट्ट्या घेऊन चौकोन आखत होती. लीलाम्मा भिंतीशी होती, पुसलेली, अंगावर धुतलेलं फडकं. धुक्यामुळे लॅबमध्ये दिवे लावावे लागले होते. तंकमणी रांगांमधून फिरत होती. तिला तिथे काही काम नव्हतं.

तिसऱ्या बाकावरच्या रेम्याने फुली चुकीच्या जागी मारली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “चेची, खोडरबर आहे?”

तंकमणीने कमरेचा काढून दिला.

रेम्याने फुली खोडली, तर तिथे मेमरीच्या दातांची काजळी फासली गेली. पडद्याचा उजवा कोपरा सगळा काळा झाला. तिने आणखी घासलं. आणखी काळं झालं.

“चेची, हा पुसत नाही. उलट काळं करतो.”

“दुसरी बाजू वापर,” तंकमणी म्हणाली, आणि खोडरबर तिच्या हातात उलटा करून ठेवला.